सर्व्हरसाठी स्वस्तातला अँटिव्हायरस कोणता?

"सर्व्हरवर स्वस्तात स्वस्त अँटिव्हायरस कोणता टाकावा?" रत्नागिरीच्या बाजारपेठेत हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. विचारणारा कधी मिरकरवाडा बंदरावरचा मासळीचा व्यापारी असतो, कधी रामआळीतला कापड दुकानदार, कधी एमआयडीसीत आंब्याचा पल्प डब्यात भरणारा कारखानदार, तर कधी हज-उमराच्या प्रवासाची व्यवस्था पाहणारा एजंट. विचारण्याची वेळही ठरलेली. जुन्या लायसन्सची मुदत संपते, पडद्यावर लाल खूण येते, संगणकवाला नूतनीकरणाचा आकडा सांगतो, आणि तो ऐकून मालकाच्या कपाळाला आठी पडली की मग आम्हाला विचारणा होते.

प्रश्न रास्तच आहे. लहान धंद्यात वर्षाकाठी दोन-चार हजार वाचले तर ते कोणाला नको आहेत? एखादे नाव सांगून मोकळे होणेही सोपे. परंतु त्याने व्यापाऱ्याचे भले होईलच असे नाही. औषधाच्या दुकानात जाऊन "ताकदीची स्वस्त गोळी द्या" म्हणण्यासारखे ते आहे. रोग काय, रोगी कोण, हे आधी पाहायला हवे. म्हणून या लेखात नावांपर्यंत आम्ही जरा उशिराने येणार आहोत. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

पेटीत आहे तरी काय?

दुकानाच्या माळ्यावर किंवा गल्ल्यामागच्या कपाटात ठेवलेल्या त्या काळ्या पेटीत काय आहे, याची यादी मालकाने एकदा स्वतःच्या हाताने करावी. टॅलीतला हिशेब असतो. कोणाकडे किती उधारी बाकी आहे, हे असते. बागायतदारांना दिलेल्या आगाऊ रकमा, बोटवाल्यांची देणी, कामगारांचे पगार, जीएसटीची बिले हे सगळे त्यात असते. प्रवासी एजंटाकडे तर शेकडो गिऱ्हाइकांच्या पासपोर्टच्या प्रती असतात. ही शेवटची गोष्ट व्यापाऱ्याच्या मालकीची नाही. ती दुसऱ्याची अमानत आहे, आणि अमानतीची किंमत सॉफ्टवेअरच्या किमतीशी लावता येत नाही.

पूर्वी खातेवही जळाली किंवा भिजली तरी मुनीमजींना निम्मी उधारी तोंडपाठ असे. आता ती कोणाच्याच डोक्यात नसते. शिवाय कायद्याचा भाग आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. "साहेब, व्हायरसने खाल्ली" हे उत्तर तपासणी अधिकाऱ्यापुढे कितपत चालेल, ते वाचकांनीच ठरवावे.

जुना विषाणू आणि आजचा

संगणकाच्या विषाणूंचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पीसीवरचा पहिला नामांकित विषाणू 'ब्रेन'. तो १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी बनवला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना पकडण्यासाठी आपण तो केला, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत म्हणजे त्या विषाणूत त्यांच्या दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन नंबरही होता. जगभरच्या फ्लॉप्यांवर दुकानाची पाटी फिरली!

त्या काळातले विषाणू खोडसाळ होते. काही घातकीही होते. २६ एप्रिल १९९९ रोजी 'चेर्नोबिल' या नावाने ओळखल्या गेलेल्या विषाणूने आशियातले असंख्य संगणक एका दिवसात बंद पाडले. पण त्यामागे पैसा वसूल करण्याचा धंदा नव्हता. आज तो आहे. आजचा विषाणू, ज्याला रॅन्समवेअर म्हणतात, तो फाइली पुसत नाही. तो त्यांना कुलूप लावतो, किल्ली स्वतःकडे ठेवतो आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी लावतो. इतकी रक्कम बिटकॉइनमध्ये भरा, इतक्या दिवसांत भरा, नाहीतर दाम दुप्पट.

शुक्रवार, १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा असा विषाणू दीडशेच्या आसपास देशांत पसरला आणि दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. कोकणच्या दृष्टीने तारीख पाहा. मे महिन्याचा दुसरा आठवडा म्हणजे हापूसचा हंगाम भरात. त्या आठवड्यात ज्याच्या दुकानातला हिशेब बंद पडेल, त्याचे वर्ष बुडाले समजावे.

आणि ज्या भोकातून वॉनाक्राय शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे दोन महिने आधी, फुकट दिली होती. ज्यांनी विंडोजचे अपडेट वेळेवर घेतले त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही. "अपडेटने संगणक मंदावतो" म्हणून ते बंद करून ठेवण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिच्यापायी महागातला अँटिव्हायरससुद्धा लंगडा पडतो. चोरून टाकलेल्या विंडोजवर तर अपडेटचा भरवसाच नाही. तेव्हा स्वस्त संरक्षणाचा पहिला हप्ता हा असा बिनपैशाचा आहे.

सर्व्हर खरा की नावाचा?

आता दुकानाच्या सर्व्हरकडे वळू. रत्नागिरीत ज्याला सर्व्हर म्हणतात तो बहुतेक ठिकाणी साधाच संगणक असतो. त्याच्यावर विंडोज १० किंवा ११ असते, टॅलीचा डेटा असलेले फोल्डर इतर चार-पाच संगणकांना वाटून दिलेले असते आणि तो रात्रंदिवस चालू असतो, म्हणून तो सर्व्हर! काही ठिकाणी मात्र खरोखरचे विंडोज सर्व्हर असते. दोहोंतला फरक अँटिव्हायरस घेताना महत्त्वाचा ठरतो, कारण घरगुती संगणकासाठी विकले जाणारे पुष्कळ अँटिव्हायरस विंडोज सर्व्हरवर बसतच नाहीत. खोका फोडल्यावर, किल्लीचा नंबर खरवडल्यावर हे कळते, आणि मग दुकानदार माल परत घेत नाही.

आपल्याकडे काय आहे हे पाहण्यासाठी 'धिस पीसी' या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडावे. तेथे विंडोजचे नाव लिहिलेले असते. ते कागदावर टिपून घ्यावे आणि त्याची मुदतही पाहावी. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. विंडोज सर्व्हर २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि सर्व्हर २०१६ ला मायक्रोसॉफ्टने १२ जानेवारी २०२७ पर्यंतची मुदत दिली आहे. मुदत संपलेल्या विंडोजवर नवा अँटिव्हायरस बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला नवे कुलूप लावणे होय. अशा वेळी अँटिव्हायरसचे पैसे बाजूला ठेवून आधी विंडोजची सोय बघावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढची गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. विंडोज १० आणि ११ मध्ये, तसेच सर्व्हर २०१६ पासूनच्या सर्व आवृत्त्यांत, मायक्रोसॉफ्टचा 'डिफेंडर' हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. एकेकाळी त्याला कोणी विचारत नसे. पण गेल्या काही वर्षांत तो बराच सुधारला आहे आणि परदेशातील चाचणी संस्थांच्या निकालांत नामवंतांच्या पंक्तीला बसतो. दोन-तीन संगणकांचे दुकान असेल, अपडेट वेळेवर होत असतील, तर डिफेंडरवर भागवायला हरकत नाही. वाचलेले पैसे कोठे घालायचे ते पुढे येईल.

येथे एक खाचखळगा आहे. साध्या विंडोजवर दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप मागे सरतो. विंडोज सर्व्हरवर तो तसा सरत नाही; तो हाताने बंद करावा लागतो. नाहीतर दोन्ही अँटिव्हायरस एकाच फाइलवर झडप घालतात, सर्व्हर रखडतो, टॅली उघडायला वेळ लागतो, आणि दोष मात्र नव्या सॉफ्टवेअरला दिला जातो. एका म्यानात दोन तलवारी, दुसरे काय!

घरचा माल

विकतचाच घ्यायचा असे ठरले, तर परदेशी नावांकडे धाव घेण्याआधी जवळ पाहावे. अँटिव्हायरस हा असा धंदा आहे की ज्यात महाराष्ट्रातील माणसांनी स्वतःचे नाव काढले आहे, आणि त्यातली एक हकीगत आमच्या तरुण वाचकांनी मुद्दाम वाचावी.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ते कामाला लागले. १९९० साली त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे काम सुरू केले. संगणक दुरुस्तीला येऊ लागले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की पुष्कळ यंत्रांना बिघाड झालेलाच नसतो, विषाणू झालेला असतो. धाकटे बंधू संजय तेव्हा पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. विषाणू काढणारे छोटे छोटे प्रोग्रॅम त्यांनी लिहायला घेतले, आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचे जुने नाव २००७ साली बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले. २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूकदार संस्थेने तीत ६० कोटी रुपये घातले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे शेअर मुंबई व राष्ट्रीय शेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावर बसून गिऱ्हाइकाची अडचण नीट पाहिली, एवढेच त्यांचे भांडवल.

त्यांचा व्यापारी उपयोगाचा माल 'सेक्राइट' या नावाने मिळतो. पुण्याचाच 'नेट प्रोटेक्टर' आहे. मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचा 'ई-स्कॅन' आहे, चेन्नईचा 'के-सेव्हन' आहे. या सर्वांकडे धंद्यासाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत. स्लोव्हाकियाचा 'ईसेट' आणि रोमानियाचा 'बिटडिफेंडर' हे परदेशी मालातले चांगल्यापैकी. अमुकच घ्या असे आम्ही सांगत नाही. मात्र देशी मालाचा एक फायदा लहान गावात मोठा ठरतो. अडचण आली तर मराठीत किंवा हिंदीत बोलणारा माणूस फोनवर मिळण्याची शक्यता अधिक, आणि गावातल्या दुरुस्तीवाल्यालाही तो हाताळायची सवय असते. रात्री आठला सर्व्हर बंद पडला आणि सकाळी मुंबईला गाडी भरायची आहे, अशा वेळी इंग्रजी ई-मेल लिहून दोन दिवस उत्तराची वाट पाहणे परवडत नाही.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहू नये. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था नियमितपणे अँटिव्हायरसच्या चाचण्या घेतात आणि निकाल सर्वांना फुकट पाहता येतात. घरगुती आणि व्यापारी मालाच्या चाचण्या त्या वेगवेगळ्या करतात. आपण व्यापारी यादी पाहावी. एखाद्या चाचणीत पहिला आला की दुसरा अशी घोडदौड बघण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षे सातत्याने बरा राहिलेला आणि मंदगतीचा दोष नसलेला निवडावा.

फुकटच्या अँटिव्हायरसबद्दल दोन शब्द. अॅव्हास्ट, एव्हीजी यांच्या फुकट आवृत्त्या घरगुती वापरासाठी दिल्या जातात; दुकानात त्या वापरणे लायसन्सच्या अटींत बसत नाही. शिवाय फुकटात काय जाते तेही पाहावे. अॅव्हास्टची 'जंपशॉट' ही उपकंपनी वापरणाऱ्यांची इंटरनेटवरील फिरस्ती तिसऱ्याला विकत होती. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती बंद करण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अॅव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले. 'क्लॅम-एव्ही' हा खरोखरीचा मुक्त अँटिव्हायरस आहे आणि लिनक्स सर्व्हर ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोगी आहे. त्याचेच विंडोजवरचे रूप, 'क्लॅमविन', मात्र आपण तपासायला सांगितले तरच तपासते, दारावर सतत पहारा देत नाही. विंडोजच्या सर्व्हरला तेवढ्यावर सोडू नये.

आकड्याचा हिशेब

किमतीचा विचार एका वर्षाचा करू नये, तीन वर्षांचा करावा. समजा, एका सर्व्हरसह सात संगणकांसाठी एक कंपनी पहिल्या वर्षी ६,००० रुपये मागते आणि नूतनीकरणाला ९,०००. दुसरी दरवर्षी ७,५०० मागते. (हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, बाजारभाव नव्हेत.) पहिलीचे तीन वर्षांचे २४,००० होतात, दुसरीचे २२,५००. पहिल्या दिवशी स्वस्त वाटलेली महाग निघाली. म्हणून नूतनीकरणाचा दर आधीच लेखी मागावा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरावा. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्याची वजावट मिळते, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. पक्के बिल घ्यावे. ऑनलाइन बाजारात अगदी मातीमोल भावाने किल्ल्या विकल्या जातात. त्यातल्या कित्येक एकच किल्ली दहा जणांना विकलेल्या असतात आणि मधेच बंद पडतात. तोपर्यंत विकणारा दुकान गुंडाळून गेलेला असतो.

घेताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. आपल्या विंडोजच्या नावानिशी, "यावर चालतो का?" एका जागी बसून सगळ्या संगणकांची अवस्था दिसते का? आणि अँटिव्हायरस बंद करायला किंवा काढायला पासवर्ड लागतो का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण सर्व्हरमध्ये शिरलेला चोर पहिले काम पहारेकऱ्याला झोपवण्याचे करतो. पासवर्ड नसेल तर दोन बटणे दाबली की काम झाले.

टॅलीवाल्यांसाठी एक सूचना. अँटिव्हायरस दर वेळी हिशेबाच्या फाइली चाळू लागला की टॅली जड होते. त्यावर टॅलीचे फोल्डर तपासणीतून वगळण्याचा उपाय आहे आणि तो रीतसर आहे. पण वगळायचे ते एवढेच फोल्डर. घाईत सगळा डी ड्राइव्हच वगळून टाकणारे कारागीरही असतात, हे ध्यानात असावे.

न्हावा-शेवा आणि घाना

इतके सगळे केल्यावरही अँटिव्हायरस हरू शकतो का? हरू शकतो, आणि याचा दाखला आपल्या शेजारच्या बंदरातच आहे.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या विषाणूने न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज बंद पाडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. विषाणू आला कोठून? युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! ते सॉफ्टवेअर तेथील धंदेवाले कर भरण्यासाठी वापरत. मर्स्कच्या तिथल्या कचेरीतही ते होते. तेवढ्या फटीतून विषाणू साऱ्या जगभरच्या मर्स्कमध्ये पसरला. हा विषाणू खंडणीची चिठ्ठी लावत असे, पण पैसे भरूनही कुलूप उघडण्याची सोय त्यात नव्हती. कंपनीने पुढे सांगितले की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. एवढ्या कंपनीकडे अँटिव्हायरसला पैसे नव्हते असे कोण म्हणेल?

मर्स्कच्या सगळ्या संगणकांची ओळखपाळख सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. ते एकमेकांची प्रत ठेवत, त्यामुळे एक गेला तरी दुसरा आहे, अशी खात्री होती. पण सगळेच एकमेकांना जोडलेले असल्याने सगळेच एकदम गेले. शोधता शोधता एकच शाबूत सापडला, तो पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात. तेथे हल्ल्याच्या आधी वीज गेली होती, त्यामुळे तो सर्व्हर जाळ्यातून सुटलेला होता. त्या एका यंत्रातील माहिती माणसाहाती विमानाने इंग्लंडला नेऊन कंपनी पुन्हा उभी राहिली.

वीज जाण्याला आपण कोकणातली माणसे नेहमी शिव्या देतो. घानात तिनेच कंपनी वाचवली. जे यंत्र तारेला जोडलेले नव्हते, ते वाचले. आमच्या मते लहान व्यापाऱ्याने अँटिव्हायरसच्या निवडीइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष या गोष्टीकडे द्यावे. डिफेंडरवर भागवून किंवा मध्यम दराचा अँटिव्हायरस घेऊन जे पैसे उरतील, त्यातून बाहेरच्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एकीवर आज प्रत घ्यावी, तार काढावी आणि घरी न्यावी. उद्या दुसरी आणावी. कायम सर्व्हरला लावून ठेवलेली डिस्क किंवा पेनड्राइव्ह ही प्रत धरू नये. सर्व्हरला कुलूप लागले की तिलाही लागते. गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी आपोआप जाणाऱ्या फाइलींचेही तसेच. कुलूपबंद फाइल तितक्याच इमानदारीने वर चढते. जुन्या प्रती किती दिवस मागे जाऊन मिळतात, ते आधी पाहून ठेवावे.

डिस्क घरी नेण्याचे दुसरेही कारण आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली, तेव्हा दुकानातला संगणक आणि दुकानातच ठेवलेली प्रत यांत पाण्याने भेद केला नाही. वळवाच्या विजा आणि आपली खारी दमट हवा यांचाही यंत्रांना त्रास आहेच. डिस्क सुक्या डब्यात ठेवावी आणि सर्व्हरला यूपीएस असावा, एवढे पुरे.

आखाताकडे उघडणारा दरवाजा

आपल्या भागात एक जोखीम इतरांपेक्षा अधिक आहे. धंदा रत्नागिरीत आणि भाऊ किंवा मुलगा दुबईत, कुवेतमध्ये, असे कितीतरी घरांत असते. त्याला तिथून हिशेब पाहता यावा म्हणून संगणकवाला सर्व्हरवर 'रिमोट डेस्कटॉप' चालू करतो आणि राउटरमध्ये त्याच्यासाठी वाट उघडून देतो. तिचा ठरलेला क्रमांक ३३८९. जगातल्या चोरांना हा क्रमांक पाठ आहे. त्यांचे प्रोग्रॅम रात्रंदिवस घरोघरची ही कडी हलवून बघत असतात, आणि पासवर्ड दुकानाचे नाव किंवा मोबाइल नंबर असेल तर फार वेळ लागत नाही. लहान धंद्यांत रॅन्समवेअर शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. या वाटेने येणारा चोर खऱ्या पासवर्डने, मालकाच्या तोऱ्यात आत येतो. अँटिव्हायरसला तो मालकच वाटतो.

ही वाट आजच बंद करावी. परदेशातून हिशेब पाहायचाच असेल तर संगणकवाल्याकडून व्हीपीएन बसवून घ्यावे, मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या क्रमांकाची अट घालावी, पासवर्ड लांब ठेवावा आणि चार-पाच वेळा चुकला की खाते काही वेळ बंद होईल असे करावे. याला सॉफ्टवेअरचा मोठा खर्च नाही. संगणकवाल्याची अर्ध्या दिवसाची मजुरी लागेल. भावाला आधी दोन मिनिटे जास्त लागतील. तो कुरकुरेल. कुरकुरू द्यावे.

पतसंस्था चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडण्यात आले आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक तेवढा वेळ अडकले. दुसऱ्या दिवशी काम सुरळीत झाले. या बँकांचा स्वतःचा दोष काही नव्हता. आपले काम ज्याच्या सर्व्हरवर चालते, तो काय काळजी घेतो, हेही विचारण्याचा आपला हक्क आहे.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या बड्या अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातले ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. विषाणू कोणताच नव्हता, पहारेकरीच अडखळला. महागातला माल घेतला म्हणजे निश्चिंत झालो, असे समजणाऱ्यांनी हे आठवावे.

झालेच तर?

चिठ्ठी पडद्यावर दिसली तर प्रथम नेटवर्कची तार उपटावी आणि वायफाय बंद करावे, म्हणजे बाकीचे संगणक वाचतील. चिठ्ठीचा मोबाइलने फोटो घ्यावा. प्रतीची डिस्क घाईने जोडून पाहू नये, ती सर्वांत मोठी घोडचूक ठरेल. पैसे भरू नयेत. भरल्यावर किल्ली मिळेलच याचा भरवसा कोणी देत नाही. 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि काही अँटिव्हायरस कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केला, आणि काही जातींच्या कुलपांच्या किल्ल्या तेथे फुकट मिळतात. आपल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. सर्व्हरवर गिऱ्हाइकांच्या पासपोर्टच्या प्रती असतील तर त्यांना कळवावे, लपवू नये.

राहता राहिली वेळ. अँटिव्हायरसचे लायसन्स एप्रिल-मेमध्ये संपेल असे घेऊ नये. तेव्हा आंबेवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. आंबा संपलेला, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, असा जून-जुलैचा काळ या कामासाठी उत्तम. त्या दिवसांत एक दुपार काढावी, संगणकवाल्याला बोलवावे, घरून डिस्क आणावी आणि दुसऱ्या एखाद्या रिकाम्या संगणकावर तिच्यातून टॅलीचा डेटा उघडून दाखवायला सांगावे. मागच्या महिन्याची बाकी बरोबर दिसली, तर मग अँटिव्हायरसचा दरपत्रक-कागद हातात घ्यावा आणि घासाघीस सुरू करावी.